पिशवीतला हात

पावणे गावात बयाबाई भोईर यांच्या घरामागे पत्र्याची एक पडवी आहे. रावसाहेब हिवराळे तिथं राहतात आणि तिथंच काम करतात. एका बाजूला खाट, शेगडी, बुद्धाची तसबीर आणि दुर्गाबाईंचा फोटो. दुसऱ्या बाजूला लाकूड. मधे दोन माणसं बसतील एवढी जागा. तिथं बसलेल्या माणसाला कळत नाही, आपण घरात आलोय की कारखान्यात. रावसाहेबांनाही अलीकडे ते कळत नाही.

गावाच्या चारही बाजूंना कारखाने आहेत. वारा फिरला की वास फिरतो. कधी रबर, कधी रंग, कधी खाडीचा चिखल. रावसाहेब जालन्याकडून इथं आले तेव्हा त्यांना मिसरूड फुटत होतं. एका पॅकिंगच्या कंपनीत सुतार म्हणून लागले. यंत्रं परदेशी जायची, त्यांना लाकडाची खोकी लागायची. खोकं हेच यंत्राचं घर आणि खोकं हीच यंत्राची तिरडी, असं ते नव्या पोरांना सांगायचे. खोकं पुरं झालं की त्यावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का उठवायचा. त्याचा अर्थ, लाकूड भाजून घेतलंय, आत किडा नाही. मग ते न्हावा शेव्याच्या बंदरात जायचं आणि तिथून समुद्रात. रावसाहेबांनी उभ्या आयुष्यात असंख्य खोकी रवाना केली. स्वतः कुठं गेले नाहीत.

एका वर्षी नॉर्वेचा एक म्हातारा इंजिनिअर आपल्या यंत्रांचं पॅकिंग तपासायला आला आणि पावसाळा संपेपर्यंत राहिला. ओलाव त्याचं नाव. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे साहेब गाडीत एसी लावून बसायचे. हा फळ्यांच्या थप्पीवर बसून चाकूनं लाकडाच्या पट्ट्यांवर रेघा कोरायचा. रावसाहेब शेजारी बसून डबा खायचे. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण व्हायची भीती नव्हती.

मोडक्या इंग्रजीतून आणि हातवाऱ्यांतून हळूहळू उमगत गेलं. ही ओलावच्या देशातल्या जुन्या लोकांची अक्षरं होती. रून म्हणतात त्यांना. त्याच अक्षरांनी ते लोक मेलेल्याचं नाव दगडावर कोरायचे आणि त्याच अक्षरांना पुढचं विचारायचे. त्यासाठी फळ धरणाऱ्या झाडाची फांदी घ्यायची. तिच्या अंगठ्याएवढ्या पट्ट्या करायच्या आणि एकेकीवर एकेक खूण कोरायची. खुणेतली कुठलीही रेघ लाकडाच्या रेषांच्या ओघात जाऊ द्यायची नाही, नाहीतर लाकूड चिरतं आणि खूण हरवते. मग खुणा लाल करायच्या. जुने लोक रक्त भरायचे म्हणे. प्रश्न मनात धरायचा, आभाळाकडं बघायचं आणि हाताला येतील त्या तीन पट्ट्या उचलायच्या. पट्ट्या पांढऱ्या कापडावर टाकायची रीत होती, पण ओलाव पूर्वी जहाजांवर कामाला असायचा, तिथं वाऱ्यानं कापड उडायचं, म्हणून त्यानं पिशवी धरली होती. ज्याच्या हातानं पट्टी निघते त्याच्या मनात प्रश्न हवा, एवढं मात्र त्यानं पुन्हा पुन्हा बजावलं.

"तू मानतोस हे?" रावसाहेबांनी एकदा विचारलं.

ओलावनं चाकू पुसला. "नाही मानत," तो म्हणाला. "पण रविवारी करतो. बायको गेल्यापासून करतो."

तेव्हा रावसाहेबांना त्यात काही कळलं नव्हतं. त्यांच्या दुर्गाबाई त्या वेळी धडधाकट होत्या. आज भात करू का भाकरी, एवढा एकच प्रश्न घरात होता आणि त्याचं उत्तरही त्याच द्यायच्या.

पुढं कंपनी गुजरातेत गेली. मुलगी संघप्रिया लग्न होऊन नांदेडला गेली, तिथल्या शाळेत शिकवायला लागली. मग दुर्गाबाईही गेल्या. मोठा फ्लॅट नको झाला, म्हणून रावसाहेब बयाबाईंच्या पडवीत आले. पहिलं वर्ष असं गेलं की ते एखाद्या दिवशी कुणाशी बोलले की नाही, हे संध्याकाळी आठवून बघावं लागायचं. एका सकाळी बयाबाईंनी गटारात पानं पडतात म्हणून जांभळीच्या फांद्या छाटल्या. रावसाहेबांनी एक फांदी मागून घेतली. फळ धरणारं झाड होतं. पटाशी, कानस, पॉलिश पेपर, सगळं हाताशी होतं. रक्ताच्या जागी त्यांनी अळशीच्या तेलात गेरू कालवला.

पहिला संच त्यांनी स्वतःजवळ ठेवला. नंतरचे बेलापूरच्या एका दुकानात जाऊ लागले. तिथं रंगीत दगड, उदबत्त्या, टॅरोचे पत्ते असलं मिळतं. घेणारे विचारायचे, हे वाचायचं कसं? दुकानदार पत्ता द्यायचा. असं करत शनिवारी दुपारी पडवीत माणसं यायला लागली. कुणाचं लग्न ठरत नव्हतं, कुणाला कॅनडाचा व्हिसा मिळत नव्हता. रावसाहेब पिशवी पुढं धरायचे, माणूस तीन पट्ट्या काढायचा आणि रावसाहेब खुणेचा अर्थ सांगायचे. गारा, गुरं, मशाल, घोडा, काटा, बी. पुढचं ज्याचं त्यानं लावायचं. ते होईल म्हणत नसत, होणार नाही म्हणत नसत. माणसं बोलत बसायची आणि रावसाहेब ऐकायचे. खरं तर त्यांना तेवढंच हवं होतं.

संघप्रियाचा फोन आला. "पप्पा, एक खरं सांगा. तुम्ही भविष्य सांगता?"

"लाकूड विकतो."

"लाकूड घ्यायला माणसं चपला काढून बसतात?"

"तुला कुणी सांगितलं?"

"बयाआजीनं फोटो पाठवला." मग तिनं विचारलं, "भानामतीवर भाषण करणारा माणूस तुम्हीच ना? तुमच्या भाषणाला भिऊन आपल्या गल्लीतला बाबा पळाला होता."

"तो घरमालकाला भिऊन पळाला."

ती हसली, पण नेहमीचं म्हणालीच. "इकडं या पप्पा. खोली रिकामी आहे." रावसाहेब बघू म्हणाले. ते दर वेळी बघूच म्हणायचे.

सुचिता आली ती मैत्रिणीबरोबर, गंमत म्हणून. बेलापूरला एका वकिलाकडे ती टायपिंग करते. मैत्रिणीनं पट्ट्या काढल्या, हसली, मोकळी झाली. सुचितापुढं पिशवी धरली तर तिनं हात मागं घेतला.

"तुमीच काढा मिस्त्री. माझा हात चांगला नाय."

"हाताला काय झालंय, ताई?"

मैत्रीण बाहेर फोनवर बोलत होती. सुचितानं आवाज खाली घेतला आणि सांगितलं. तिचा नवरा मिथुन टगवर, मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, कामाला होता. आठ-नऊ वर्षांमागं शारजाला टगवरून उतरला. काहीतरी आणायला जातो म्हणाला आणि परत चढलाच नाही. बॅग आत राहिली. प्रेत मिळालं नाही, फोन आला नाही. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं तिकडं दुसरं घर केलं.

"गावात हळद असली की आमच्यात अख्खा गाव जातो," ती म्हणाली. "सवाष्णी ताट धरतात. मला नाय देत. आणि विधवा बायका मागं बसतात, तिकडं बसले तर सासू हात धरून उठवते, बोलते, माझा पोरगा जिवंत हाय. मंग मी दारात उभी राहते. विधवा बोला, चालेल मला. पन काहीतरी एक बोला ना."

रावसाहेबांना अशा वेळी काय म्हणायचं ते ठाऊक होतं. हात हा हात असतो, ताई. त्यांनी हे वाक्य सभांमधून म्हटलं होतं, टाळ्या घेतल्या होत्या. त्या दुपारी ते म्हणाले नाहीत. तिनं डोळे मिटून प्रश्न विचारला, येईल का? रावसाहेबांनी तोच प्रश्न मनात धरला, पत्र्याच्या फटीतून दिसणाऱ्या आभाळाकडं बघितलं आणि पिशवीत हात घातला.

पाणी निघालं. मग वाट. मग घर.

पांढऱ्या रुमालावर तीन पट्ट्या ओळीनं पडल्या होत्या. अर्थ सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितला. सुचिता रडली नाही. तिनं रुमालाची घडी पडली होती ती बोटानं नीट केली. "थांबायला पायजे म्हंजे," ती म्हणाली.

नंतर ती एकटीच यायला लागली, कधी आठवड्यानं, कधी पंधरवड्यानं. येताना ऑफिसातल्या गोष्टी आणायची. वकीलसाहेब कोर्टात जाताना दोन वेगवेगळे बूट घालून गेले. कुणा म्हाताऱ्यानं मृत्युपत्रात कुत्र्याला खोली लिहून दिली. रावसाहेब तिला खोक्यांच्या गोष्टी सांगायचे, दुर्गाबाईंच्या सांगायचे. दुर्गाबाईंबद्दल बोलताना आता आवाज दाटत नाही, हे त्यांना तिच्याशी बोलतानाच कळलं. चहा व्हायचा. मग ती म्हणायची, काढा. रावसाहेब काढायचे. कधी वाट आधी, कधी पाणी. घर बहुतेक शेवटी. एखाद्या वेळी घोडा निघाला, तर तोही प्रवासाचाच.

रावसाहेब हरखून गेले होते. न मानणारा माणूस हळूहळू मानायला लागला होता. इतक्या वेळा तेच कसं येईल? काहीतरी असणार. शनिवार आला की ते सकाळीच पडवी झाडायचे, भुसा पोत्यात भरायचे आणि दाढी करायचे. बयाबाई ओट्यावरून बघायच्या. "आज रावसाबाच्या गालावर रंधा फिरला," त्या म्हणायच्या.

मिथुन मेला असं ठरवून देण्याचा अर्ज सुचितानं स्वतःच टाइप करून ठेवला होता. वकीलसाहेब म्हणत होते, इतकी वर्षं झाली, कोर्ट ऐकेल, सही करा. सही केली की सासरचं घर सोडता येणार होतं. रेवदंड्याला तिची मावशी एकटी होती आणि कधीची बोलावत होती. पण वाट बघणाऱ्या बाईनं दार सोडायचं नसतं. तो आलाच तर त्याच दारात येणार. म्हणून सुचिता सासूचे कपडे धूत होती, जावेची बोलणी खात होती आणि शनिवारी येऊन पाणी, वाट, घर बघून परत जात होती.

मग एक बुधवार आला. मागच्या शनिवारी कुणा मुलाच्या हातून पट्टी फरशीवर पडून तिचा कोपरा उडाला होता. रावसाहेबांना तो घासून घ्यायचा होता. संघप्रियाचा फोन चालू होता. नातवाच्या दातांचं काहीतरी सांगत होती. त्यांनी फोन खांद्यानं कानाला दाबला, पिशवीत हात घातला आणि पट्टी काढून कानस उचलली. कानस अर्ध्यात थांबली.

कोपरा उडालेली पट्टी हातात होती. त्यांनी ती शोधली नव्हती. हात गेला होता आणि घेऊन आला होता.

"पप्पा? ऐकताय ना?"

"ऐकतोय, बाळा. नंतर करतो."

त्यांनी पट्टी परत टाकली, पिशवी हलवली. मशाल, असं मनाशी म्हटलं आणि हात घातला. मशाल निघाली. घोडा म्हटलं. घोडा निघाला. काटा. काटा निघाला. त्यांनी पिशवी खाली ठेवली. त्यात नवल काही नव्हतं. त्यांनी ती फांदी चिरली होती. पाण्याच्या पट्टीखाली गाठ होती. वाट कोरताना चाकूला नुकतीच धार लावलेली होती, म्हणून पहिली रेघ खोल गेली होती. घराची पट्टी सुकताना किंचित वाकली होती. दुसऱ्या कुणाच्या हाताला त्या सगळ्या सारख्या लागल्या असत्या. त्यांच्या बोटांना एकेक ओळखीची होती, जशी अंधारात आपल्या घरातली भांडी ओळखू येतात.

मग सुचिताला पाणी कोण देत होतं?

तो प्रश्न त्यांनी लगेच बाजूला सारला, पण तो जाईना. आपण मुद्दाम केलं नाही, हे खरं होतं. आणि बोटं आपलीच होती, हेही खरं होतं. तिला जे हवं होतं ते बोटांनी आणून दिलं. की आपल्याला हवं होतं ते? ती आशेवर राहिली तर येत राहील. सही केली तर रेवदंड्याला जाईल. बोटांना एवढं कळत होतं? न बोलता इतकी वर्षं काम केलेल्या बोटांना काय काय कळत असेल, याचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

शनिवारी सुचिता घाईनं आली. मावशी मोरीत पडली होती, कंबर धरली होती. "वकीलसाहेब बोलले, सोमवारी सही करा, मी दाखल करतो. मी बोलले, शनिवार जाऊ दे." ती खाली बसली. "काढा मिस्त्री. आज जे निघेल ते."

रावसाहेबांनी हात घातला. बोटं सैल सोडायचा प्रयत्न केला. पहिली लागली ती गारा. ती त्यांनी सोडली. का सोडली? दुसरी बी. तिसरी पाणी. न उचलणं हेही उचलण्यासारखंच होतं. जी सोडायची तीही ओळखीची होती. आत कुठंच अंधार नव्हता. त्यांनी डोळे मिटले, पण बोटांचे मिटता येईनात.

"काय झालं?"

"काही नाही," ते म्हणाले. पाणी काढलं. मग वाट. मग घर.

सुचितानं बराच वेळ श्वास धरला असावा. तो तिनं सोडला. "मंग थांबते," ती म्हणाली. "मावशीला बाई ठेवून देते कुणीतरी." रावसाहेबांनी चहा टाकला. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. गेल्यावर त्यांनी तिचा कप धुतला नाही, तसाच ठेवून दिला आणि त्याच्याकडं बघत राहिले. भाषणं करायचे तेव्हा ते म्हणायचे, बुवा माणसाला फसवतो ते पोटासाठी. चुकलंच ते. पोटासाठी फसवणारे बरे. पोट भरतं.

पुढचा आठवडा त्यांनी नवा संच करण्यात घालवला आणि अर्ध्यात टाकून दिला. तोही त्यांच्याच हातचा झाला असता. एमडीएफच्या पट्ट्या केल्या तर रेषाच नसतात, गाठ नसते. पण ते फळ धरणारं झाड नव्हे, भुशाचा लगदा. त्यावर कोरून विचारायचं म्हणजे भिंतीला विचारणं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या ध्यानात आलं की आपण लाकडाचा विचार करतोय, कारण बाईचा विचार करायचा नाहीये.

शनिवारी सुचिता येऊन टेकली न टेकली तोच ते म्हणाले, "ताई, आज तुम्ही काढा."

"माझा हात नको. सांगितलंय ना."

"माझा हात खोटा आहे."

ती हसली. "म्हंजे काय? लाकडाचा?"

"कुठल्याही खुणेचं नाव घ्या."

इतक्या शनिवारांत तिला नावं पाठ झाली होती. "गुरं," ती म्हणाली. रावसाहेबांनी न बघता गुरं काढली. ती सावरून बसली. "काटा." काटा निघाला. बाहेर एक ट्रक मागं घेताना पिप-पिप वाजत होता. तो थांबला.

"पानी," ती म्हणाली. तो शब्द पुरा व्हायच्या आत पट्टी रुमालावर होती.

"कदी कळलं तुमाला?"

"मागच्या शनिवारच्या आधी."

"आधी." तिनं तो शब्द तोंडात धरला. "मंग मागच्या शनिवारी?"

"कळलेलं होतं."

"आनि तुमी चहा केलात."

रावसाहेबांनी तिन्ही पट्ट्या उचलून परत पिशवीत टाकल्या.

"मावशी तिकडं पडलीय," सुचिता म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट ऑफिसात मजकूर वाचून दाखवावा तसा सपाट झाला. "मी इकडं सासूचे कपडे पिळतेय. आनि तुमी मला पानी दाखवता. कशापायी मिस्त्री? मी काय केलं तुमचं?"

"तुम्ही यायचं बंद कराल म्हणून," ते म्हणाले.

एवढं सरळ उत्तर तिला अपेक्षित नसावं. ती दुर्गाबाईंच्या फोटोकडं बघत राहिली, मग खाटेकडं, मग एकाच ताटाकडं, जे घासून पालथं घातलं होतं. तिला राग आला होता आणि त्या रागाला बसायला या पडवीत धड जागा नव्हती. शेवटी तिनं हात पुढं केला.

"द्या ती पिशवी."

पिशवी तिनं मांडीवर घेतली. हात पिशवीच्या तोंडाशी जाऊन अडला. "ह्या हातानं मी हळदीच्या ताटाला शिवले नाय," ती म्हणाली, रावसाहेबांना नव्हे, हातालाच.

"हात हा हात असतो, ताई."

"हे पयल्या दिवशी बोलायचं होतं."

"हो. तेव्हाच बोलायचं होतं."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, पण या वेळी प्रश्न तिनं मोठ्यानं विचारला नाही. तिचा हात पिशवीत बराच वेळ फिरला. आंधळ्या माणसाचा हात भिंतीवरून फिरतो तसा. तिनं एकेक करून तीन पट्ट्या काढल्या आणि रुमालावर ठेवल्या.

गारा. गुरं. मशाल.

दोघंही वाकून बघत होती.

"ह्यात पानी नाय," ती म्हणाली.

"नाही."

"वाट?"

"नाही."

"मंग ह्यात तो कुठंय?"

रावसाहेबांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. गारा म्हणजे गोठलेलं पाणीच की. वितळल्या की पाणी होतं. मशाल म्हणजे कुणीतरी रात्री दारात दिवा धरून उभं आहे. असं लावत गेलं तर मिथुन तासाभरात घरी पोचला असता. माणूस लावायला बसला की कशातूनही काहीही लागतं, आणि ते लावण्यात आता रावसाहेबांचा हातखंडा होता.

"ह्यात तो कुठंच नाही, ताई," ते म्हणाले.

सुचितानं मान खाली घातली. रावसाहेबांना वाटलं रडतेय. पण तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते आणि चेहरा एखादं जड सामान उतरवून ठेवल्यावर होतो तसा, थोडा हलका, थोडा रिकामा.

"मला सगळ्यात तोच दिसायचा," ती म्हणाली. "दारावरची बेल वाजली तरी. भाजीत मीठ जास्त पडलं तरी. पयल्यांदाच काहीतरी बघतेय, ज्यात तो नाय."

ती उठली. रावसाहेबही उठले. चहा विचारावा की नाही, ते त्यांना ठरवता येईना. तिनं चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली. दर वेळी ती पायरी उतरताना म्हणायची, येते मिस्त्री. या वेळी म्हणाली, "जाते."

तिनं सोमवारीच सही केली, हे रावसाहेबांना बयाबाईंकडून कळलं. बयाबाईंची भाची बेलापूरच्या त्याच वकिलाच्या शेजारच्या ऑफिसात चहा देते. पेपरात नोटीस यायची होती, तारखा पडायच्या होत्या, बराच काळ जाणार होता. सुचिता मात्र थांबली नव्हती. सासूनं दार अडवलं, तर म्हणे ती मागच्या दारानं एक बॅग घेऊन निघाली आणि रेवदंड्याला गेली. बयाबाईंना ती गोष्ट फार आवडली होती. त्यांनी ती तीन वेळा सांगितली आणि प्रत्येक वेळी बॅग मोठी होत गेली.

"तारखेला येल ना बेलापूरला," त्या शेवटी म्हणाल्या. "तवा तुज्याकडं येल का कय ती?"



शनिवारी माणसं येत राहिली. रावसाहेब आता पिशवी फक्त पुढं धरायचे, स्वतः हात घालायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, माझ्या हाताला वात आहे. माणसं काढायची, बोलायची, जायची. पूर्वी त्यांचं बोलणं ऐकून दुपार भरून यायची. आता ते गेल्यावर पडवी पूर्वीपेक्षा मोठी वाटायची. संघप्रियाचा फोन आला. तिनं नातवाच्या दातांबद्दल पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि म्हणाली, "पप्पा, येताय ना?" ते बघू म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांना जाणवलं की आपण खरोखर काहीतरी बघण्यासाठी थांबलोय.

आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःसाठी पट्ट्यांना विचारायचं होतं. प्रश्न लहान होता. रोज दुपारी तो यायचा आणि मधल्या जागेत बसायचा. ती जागा आता रिकामीच होती. त्यांनी पिशवीत हात घातला की बोटं कशाला लागलीत ते कळायचं. ही वाट. ही गारा. हे घर. हवं ते काढता येत होतं. म्हणूनच काही विचारता येत नव्हतं. स्वतःसाठी काढायला दुसऱ्याचा हात लागतो, हे ओलावनं सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही रविवारी तेच निघत असेल, आणि कळूनही तो काढत असेल.

एका दुपारी बयाबाई ओट्यावर कोलबी सोलत बसल्या होत्या. रावसाहेब पिशवी घेऊन तिथं गेले.

"बयाबाई, जरा एक पट्टी काढता का?"

"कोनाला?"

"मला."

"तुला?" त्यांनी हातातली कोलबी खाली ठेवली. "तूच तं काढतस सगल्यांना."

"मला माझी काढता येत नाही."

"हां. न्हाव्याला आपली मान भादरता नाय येत, तसा." त्यांना ते पटलं. त्यांनी हात धुतले, लुगड्याला पुसले, वास घेऊन बघितला, परत पुसले. म्हातारपणी नवं काही करायला मिळतंय म्हणून त्या खूश दिसत होत्या. "बरं. इचारायचं काय हाय?"

"तुम्ही काढा की नुसती."

"नुसती कशी? तूच सांगतस ना मानसांना, काढनाऱ्याच्या मनात धरलेलं पायजे. मी रोज ऐकतंय ओट्यावरनं. तुजं काय हाय ते मना सांग, मंग मी धरतंय."

रावसाहेबांनी तोंड उघडलं. ती येईल का, एवढेच शब्द होते. हजारदा मनात म्हटलेले. पण ते मोठ्यानं म्हणायचे तर आधी ती म्हणजे कोण हे आलं, आणि ती यावी असं का वाटतं हे आलं, आणि बासष्टाव्या वर्षी एका माणसाला एवढंच हवंय हे आलं. बयाबाई वाट बघत होत्या. त्या हसणार नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी पिशवीचं तोंड आवळून धरलं.

सुचितानं हे पहिल्याच दिवशी केलं होतं. अनोळखी माणसासमोर बसून डोळे मिटले होते आणि विचारलं होतं.

"राहू द्या," रावसाहेब म्हणाले.

"अरे बोल ना. मी कोनाला सांगनार हाय?"

"नाही. विशेष काही नाही."

बयाबाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं. मग कोलबीचं पातेलं पुन्हा पुढं ओढलं. "इचारायचंच नाय तं मंग मी काय काढू," त्या पुटपुटल्या, पण आवाजात टोमणा नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी पातेल्याच्या बाजूची जागा हातानं झाडली. "बस तरी हितं. उन्हात कशाला उभा ऱ्हातस."

रावसाहेब बसले. वारा फिरला होता, रबराचा वास येत होता. बयाबाई कोलबी सोलत राहिल्या आणि भाचीचं काहीतरी सांगत राहिल्या. रावसाहेब ऐकत होते. मधून मधून हूं म्हणत होते.